‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल आला तर: पैसे सोडण्याआधी काय करायचं, कोणत्या क्रमानं

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या काही वर्कशॉपचे हिशेब मी बघतो. मेलवरून खातं बदलल्याचं सांगून पैसे भलतीकडे वळवतात, हे आता इथल्या बहुतेक मालकांच्या कानावर आहे. तरीही पैसे जातात. काळजी घेतली जात नाही असं नाही, ती चुकीच्या जागी घेतली जाते. सगळे मेल खरा की खोटा हे बघत बसतात. मेल अगदी खरा असू शकतो: पार्टीच्याच पत्त्यावरून आलेला, मागच्या बिलाच्याच पत्रव्यवहाराला जोडून आलेला. कारण चोर पार्टीच्या मेलबॉक्समध्ये जाऊन बसलेला असतो. तपासायचं असतं ते खातं, आणि तेही मेलच्या बाहेरून.

एका फाउंड्रीच्या मालकांनी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या पार्टीकडून पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) घेतलं होतं. बिल तीन लाख चाळीस हजारांचं. शुक्रवारी दुपारी मेल आला: ऑडिट चालू आहे, जुन्या खात्यात पैसे टाकू नका, नवीन खात्याचा कॅन्सल चेक सोबत जोडलाय. मालकांनी फोन केला, हे विशेष. पण केला तो मेलच्या तळाशी छापलेल्या नंबरावर. पलीकडून उत्तर आलं, “हां जी, नया अकाउंट है.” आरटीजीएसनं, म्हणजे बँकेतून बँकेत मोठी रक्कम लगेच पाठवायच्या पद्धतीनं, पैसे गेले. सोमवारी खऱ्या पार्टीचा फोन: “मालक, पेमेंटचं काय झालं?” नंतर ते मला म्हणाले, “शिरोलीचा माणूस माझ्याशी हिंदीत कशाला बोलंल, हे तवा डोक्यातच आलं नाही बघा.”

खालचे टप्पे त्याच क्रमानं करा. चौथा आधी आणि तिसरा मागून केला तर उपयोग नाही.

## टप्पा १: मेल यायच्या आधी पार्टीची वही

हे काम शांत दिवशी करायचं. एक साधी वही घ्या, कॉम्प्युटरवरची फाइल नको. तुमचा मेलबॉक्स दुसऱ्याच्या हातात गेला असेल तर त्याच खात्याशी जोडलेल्या फाइलीही त्याच्या हातात असतात. कपाटातल्या वहीला पासवर्ड लागत नाही.

नियमित पैसे जाणाऱ्या प्रत्येक पार्टीसाठी एक पान:

१. फर्मचं पूर्ण नाव आणि जीएसटी नंबर.
२. आजवर पैसे जिथं पोचलेत तो खाते नंबर आणि आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड). हे बँकेच्या स्टेटमेंटवरून उतरवा, मेलमधून नको.
३. दोन फोन नंबर: एक मालकाचा, एक हिशेब बघणाऱ्याचा.
४. पैशाबद्दल कुणाचा शब्द धरायचा त्या माणसाचं नाव.

फोन नंबर कुठून घेता यावर सगळं अवलंबून आहे. जुनं छापील बिल, मालाबरोबर आलेली बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), गेल्या वर्षी हातात दिलेलं व्हिजिटिंग कार्ड, किंवा तुम्ही ज्यावर आजवर बोलत आलात तो नंबर चालेल. मेलच्या सहीखालचा नंबर चालणार नाही, मेल कितीही जुना असो.

रविवार पेठेतल्या एका व्यापाऱ्यांनी मला विचारलं, “शंभर पार्ट्या आहेत, सगळ्यांची पानं करू काय?” तशी गरज नाही. वर्षाला सगळ्यात जास्त पैसे जाणाऱ्या वीस पार्ट्यांपासून सुरुवात करा. बाकीच्यांचं पान त्यांच्या पुढच्या बिलाच्या वेळी होतं.

तपासा: वहीतली कुठलीही एक पार्टी निवडा आणि तिथल्या नंबरावर आजच फोन लावा. लागत नसेल तर ते पान अजून तयार झालेलं नाही.

## टप्पा २: आपल्या मेलबॉक्सला कुलूप

आपल्याकडे एक सर्रास गोष्ट असते. फर्मचा मेल दहा वर्षांपूर्वी कुणीतरी उघडून दिलेला असतो, कॉम्प्युटरवाल्या पोरानं किंवा सोडून गेलेल्या अकाउंटंटनं. पासवर्ड विसरला तर कोड जायचा मोबाइल अजून त्याचाच असतो. पासवर्ड म्हणजे फर्मचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. तो टेबलाच्या काचेखाली लिहिलेला.

हे काम मोबाइलवर नको, कॉम्प्युटरवर बसून करा. जीमेल धरून सांगतो, बाकीच्यांतही असंच असतं.

१. रिकव्हरीचा मोबाइल नंबर आणि मेल आधी बदला. पासवर्ड आधी बदलून हे मागं ठेवलं, तर जुन्या नंबरावाला पुन्हा आत येऊ शकतो.
२. मग पासवर्ड बदला. दुसरीकडे कुठंही न वापरलेला, लांब.
३. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड लागतो. एसएमएसपेक्षा मोबाइलवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं, कारण आपल्याच नंबराचं सिम दुसऱ्यानं काढून घेण्याचे प्रकार होतात.
४. खातं ज्या ज्या उपकरणांवर उघडं आहे त्यांची यादी बघा. ओळखीची नाहीत त्यांतून साइन आउट करा.
५. सेटिंगमध्ये जाऊन ‘फॉरवर्डिंग’ बघा. अनोळखी पत्ता असेल तर फोटो काढून ठेवा आणि मग काढून टाका.
६. ‘फिल्टर्स’ बघा. ‘इन्व्हॉइस’ किंवा ‘पेमेंट’ शब्द असलेला मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठव, इनबॉक्समध्ये दाखवू नकोस, असा नियम चोर करून ठेवतो.

पाचवं आणि सहावं हमखास राहून जातं. पासवर्ड बदलला की लोक हातावर हात देऊन मोकळे होतात. पण फॉरवर्डिंगचा नियम पासवर्ड बदलल्यानं पुसला जात नाही. चोर बाहेर गेला तरी तुमची पत्रं त्याच्या घरी पोचतच राहतात.

फर्मच्या स्वतःच्या डोमेनवरचा मेल असेल, तर वेबसाइट बघणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: “एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावलंय काय?” तो गोंधळला तर दुसरा माणूस बघा. या तिन्हींमुळे तुमच्या नेमक्या पत्त्याचं सोंग घेऊन मेल पाठवणं अवघड होतं. मिळत्याजुळत्या नावाचं नवीन डोमेन कुणी घेतलं तर मात्र याचा उपयोग नाही.

## टप्पा ३: मेल आला, आता हात कीबोर्डवरून काढा

बदललेल्या खात्याचा मेल दिसला की या क्रमानं:

१. उत्तर देऊ नका. ‘हे खरं आहे का?’ असंही विचारू नका. मेलबॉक्समध्ये चोर असेल तर ‘हो’ म्हणायला तोच बसलाय.
२. जोडलेली फाइल उघडायची घाई करू नका. लिंकवर पासवर्ड मागितला तर देऊ नका.
३. मेल बंद करा, वही उघडा.
४. वहीतल्या नंबरावर तुम्ही फोन लावा. पार्टीचा म्हणून फोन त्याच वेळी तुमच्याकडे आला तरी ठेवून द्या आणि स्वतः लावा. आवाजाची नक्कल आता करता येते.
५. नेहमीच्या माणसाशी नेहमीच्या भाषेत बोला: “काय हो, बँक बदललासा काय?” एवढंच.
६. तो ‘होय’ म्हणाला तर नवीन खाते नंबर त्याला वाचायला लावा. तुम्ही फक्त लिहून घ्या.

सहाव्या पायरीवर जरा थांबतो, कारण शहाणीसुरती माणसं इथं घसरतात. अकाउंटंट मेल समोर धरून स्वतःच नंबर वाचतो, “शेवटी चार-सात-सात-दोन, बरोबर ना?” पलीकडचा माणूस गाडीत असतो, जेवत असतो, किंवा दुसऱ्याच विचारात असतो. “हां हां, बरोबर” म्हणून मोकळा होतो. ही तपासणी झाली नाही. त्याच्या तोंडून आलेला आकडा आणि मेलमधला आकडा जुळला, तरच झाली.

फोन लागला नाही तर पैसे थांबतील. पार्टी दोन दिवस रुसेल, रुसू दे.

चुका ज्या मी पुन्हा पुन्हा बघतो: मेलमधल्याच नंबरावर फोन करणं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकून निळ्या खुणांवर समाधान मानणं. पाठवणाऱ्याचं नाव बघून गप्प बसणं. नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. पत्ता उघडून बघा, इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की एमसारखे दिसतात, एलच्या जागी एक हा आकडा बसवलेला असतो. पण पत्ता बरोबर निघाला म्हणून फोन टाळू नका.

भाषेवरूनही निकाल देऊ नका. ज्यानं जन्मात कधी ‘काइंडली’ लिहिलं नाही त्याच्या मेलमध्ये तो शब्द आला तर कान टवकारा जरूर. पण आता चोरही तुमच्या पार्टीचे जुने मेल वाचून तसंच लिहितो, मराठीतसुद्धा.

## टप्पा ४: आकड्यांची झडती

फोनवर होकार मिळाल्यावरच इकडे या. कागद बघण्यानं फोनची जागा भरून निघत नाही.

आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. शाखा कुठली ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बघता येतं. इचलकरंजीची पार्टी आणि शाखा देशाच्या दुसऱ्या टोकाला, तर पुन्हा फोन. एक अपवाद लक्षात ठेवा. आपल्याकडच्या काही छोट्या सहकारी बँका आरटीजीएस-एनईएफटी मोठ्या बँकेमार्फत करतात. तिथं आयएफएससी वेगळ्याच बँकेचा दिसू शकतो. म्हणून नाव वेगळं दिसलं की लगेच चोर-चोर ओरडू नका, विचारा.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं पॅनची. सीमेवर धंदा करणाऱ्याला हे तोंडपाठ असतंच. नंबर जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदणीतलं नाव येतं. खातेदाराचं नाव त्याच्याशी जुळायला हवं. फर्म प्रायव्हेट लिमिटेड आणि खातं कुण्या एका माणसाच्या नावावर, हे धोक्याचं आहे.

कॅन्सल चेकच्या पीडीएफवर मी काडीचाही भरवसा ठेवत नाही. नंबर खोडून दुसरा बसवायला पाच मिनिटं लागतात.

नावाच्या बाबतीत आता एक सोय झाली आहे. आरटीजीएस आणि एनईएफटी करताना पैसे घेणाऱ्याचं बँकेतलं नाव आधी दिसावं, अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं होतं. शाखेत जाऊन फॉर्म भरणाऱ्यालाही ती मिळते आणि तिला पैसे पडत नाहीत. काउंटरवर मागा. पण पैसे अखेर खाते नंबरावरच जमा होतात, हे विसरू नका. फॉर्मवर तुम्ही सुंदर अक्षरात ‘शिरोली अमुक कास्टिंग’ लिहिलं म्हणून पैसे तिकडे जात नाहीत.

थांबा: ‘खातं ऑडिटमध्ये आहे’, ‘इन्कम टॅक्सनं गोठवलंय’, ‘आज पाच वाजायच्या आत’, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, फोन करू नका’. यातलं एकही वाक्य असेल तर आज पैसे सोडायचे नाहीत. फोन झाला असला तरी उद्या सकाळी दुसऱ्या माणसाला लावा.

## टप्पा ५: आधी चिल्लर रक्कम

नवीन खात्यात पहिल्याच वेळी पूर्ण बिल टाकू नका.

१. खातं बेनिफिशियरी म्हणून जोडा. बँका सुरुवातीचे काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. ही वेळ कटकटीची नाही, कामाची आहे.
२. एक रुपया नको, विचित्र रक्कम पाठवा. सात रुपये, तेरा रुपये.
३. पुन्हा वहीतल्या नंबरावर फोन: “किती आले?” रक्कम तुम्ही सांगायची नाही.
४. त्यानं ‘तेरा’ म्हटलं, तरच पुढं.

पैसे ‘सक्सेसफुल’ झाल्याचा मेसेज आला म्हणून खूश होणारे पुष्कळ आहेत. त्यानं फक्त खातं अस्तित्वात आहे एवढं कळतं. चोराचंही खातं अस्तित्वातच असतं.

चालू खात्याच्या नेटबँकिंगमध्ये एकानं व्यवहार भरायचा आणि दुसऱ्यानं मंजूर करायचा, अशी सोय बँकेकडून मिळते. ती मागून घ्या. दोन्ही पासवर्ड एकाच अकाउंटंटकडे ठेवणार असाल तर मात्र मागू नका. नवरा-बायको धंदा बघत असतील तर मंजुरी घरच्या बाईंकडे द्या. मी तीन ठिकाणी हे सुचवलं. तिन्हीकडे त्या वही मागतात.

आरटीजीएस दोन लाखांपासून पुढं चालतं, डिसेंबर २०२० पासून चोवीस तास. ते तिथल्या तिथं जमा होतं, परत खेचायची कळ तुमच्या बँकेकडे नसते. एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खेपांनी जातं, पण त्या अर्ध्या तासावर भिस्त ठेवू नका. चोवीस तासांच्या सोयीचा फायदा चोरानं जास्त घेतलाय: शुक्रवार संध्याकाळ, दुसऱ्या-चौथ्या शनिवारच्या आधीचा दिवस, गणपतीचे दिवस. पैसे जातात आणि बँकेत विचारायला माणूस नसतो. त्या दिवसांत नवीन खात्यात पैसे सोडायचेच नाहीत, असा नियम करून टाका.

## टप्पा ६: परदेशी पार्टी असेल तर

मशीन किंवा स्पेअर बाहेरून मागवणाऱ्यांनी फक्त एवढं बघा: पार्टी ज्या देशातली, खातं त्याच देशातलं हवं. तैवानची मशीन आणि युरोपातलं खातं, तर व्हिडिओ कॉल करा. तोही ऑर्डर दिली तेव्हाच्या नंबरावर. ऑर्डर देतानाच लिहून घ्या की खातं मेलवरून बदलणार नाही. पैसे गेल्यावर बँक स्विफ्टमार्गे (बँकांची परदेशी व्यवहारांचे निरोप पाठवायची यंत्रणा) परत मागणीचा निरोप पाठवू शकते. परत द्यायचं की नाही हे तिकडच्या बँकेवर आणि तिथल्या कायद्यावर असतं.

मालकाच्या नावानं ‘मी बाहेर आहे, एवढे पैसे लगेच टाक’ असा मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप अकाउंटंटला येतो, त्यालाही तिसरा टप्पाच लागू. मालकांनी आधीच सांगून ठेवावं: माझ्या नावानं आलेल्या मेसेजवर मला फोन केलास तर मी रागावणार नाही. रागावणाऱ्या मालकाचे पैसे लवकर जातात.

## टप्पा ७: गेलेच तर, पहिला तास

दोन माणसं दोन फोनवर बसवा.

१. पहिला माणूस १९३० लावतो, हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे हाच आहे. हाताशी हवं: यूटीआर नंबर (बँकेनं व्यवहाराला दिलेला क्रमांक), रक्कम, तारीख-वेळ, तुमचं खातं, पैसे गेलेलं खातं आणि आयएफएससी. कन्नड बोलणारा माणूस शेजारी असला तर वेळ वाचतो.
२. त्याच वेळी दुसरा माणूस आपल्या बँकेला कळवतो. शाखा बंद असेल तर बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरावर. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.
३. मग सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार पूर्ण करा, पोचपावती छापून घ्या.
४. ती घेऊन बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात जा. शहराचं वेगळं आणि जिल्ह्याचं वेगळं आहे.

“पार्टी कोल्हापूरची आहे, तिकडे जा” असं कुणी म्हणालं तर परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, तिलाच झिरो एफआयआर म्हणतात. तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत लिहून नेली तर तासभर वाचतो. कलमांची चिंता नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-डी आणि न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ते लावतील.

नवख्या माणसाचा पहिला तास पार्टीशी भांडण्यात जातो. “तुमच्याच मेलवरून आलं” म्हणून. ते भांडण उद्याही करता येतं. चोराच्या खात्यातले पैसे मात्र लगेच पुढच्या खात्यांत पांगतात. पुढं जायच्या आत रोखलेली रक्कम तेवढी गोठते आणि नंतर कोर्टाच्या आदेशानं परत मागता येते.

मेल डिलीट करू नका. उघडून ‘शो ओरिजिनल’ निवडा आणि ती फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. मेल कुठून आला त्याच्या खुणा तिच्यात असतात. कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका. मेलबॉक्स मात्र टप्पा दोनप्रमाणे त्याच दिवशी तपासा.

बँक भरून देईल, या आशेवर राहू नका. खात्यात दुसऱ्यानं घुसून पैसे काढले तर ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारे नियम रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये काढले. इथं पैसे तुम्ही स्वतः, तुमच्या सहीनं पाठवलेले असतात. आणि काही दिवसांनी ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन येईल. तो त्याच टोळीचा किंवा तिच्या भावकीचा.

## टप्पा ८: तुमच्या नावानं दुसऱ्याला फसवू नयेत म्हणून

आतापर्यंत पैसे देणाऱ्याचं बोललो. तुमचा मेलबॉक्स फुटला तर फसणार ते तुमचे गिऱ्हाईक, आणि बिल तुमचंच अडकणार. फुटल्याची शंका आली की सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करा. मेल पाठवू नका, तो चोरही वाचतो.

बिलावर मारायला रबरी शिक्का करून घ्या, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हीत: ‘आमचं बँक खातं मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून कधीही बदलत नाही. बदल कळवला तर या नंबरावर विचारा.’ खाली मालकांचा स्वतःचा नंबर टाका, ऑफिसातल्या बदलत्या पोराचा नको. शिक्का उठून दिसावा म्हणून लाल शाई घ्या. झेरॉक्समध्ये ती काळी होते, म्हणून अक्षर जरा मोठं ठेवा.